दिवाणावरची खोकी

शैलाताई सोनटक्क्यांच्या बैठकीच्या खोलीत एक लांबरुंद दिवाण होता आणि त्यावर बसायची कोणालाही परवानगी नव्हती. तो खोक्यांसाठी राखीव होता. नवा कुकर आणला की तो खोक्यासकट दिवाणावर जाई आणि स्वयंपाकघरात जुन्याच कुकरची शिट्टी चमच्याने दाबून धरावी लागे. नवी इस्त्री दिवाणावर, आणि ताई जुनी, मधूनच शॉक देणारी इस्त्री साडीवर फिरवताहेत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. हे सगळं चौदा दिवस चाले. पंधराव्या दिवशी सकाळचा चहा झाला की ताई कात्री घेऊन खोकं उघडत आणि म्हणत, "चला, आता ही आपली."

कारण साधं होतं. दुकानाच्या बिलामागे छापलेलं असे, की न वापरलेली वस्तू चौदा दिवसांत बिलासह परत घेतली जाईल. ताईंनी ते वाचलं होतं. बिलाची मागची बाजू वाचणारं दुसरं माणूस मला लखनौत भेटलं नाही. चौदा दिवसांत किंमत उतरली, तर ताई वस्तू परत करत आणि तीच वस्तू, कधीकधी तेच खोकं, उतरलेल्या किमतीला पुन्हा विकत घेत. नाही उतरली, तर कात्री.

ताई वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. एका संशोधन संस्थेत त्यांचा उमेदीचा काळ गेला. बाहेरून आलेलं रोप काचघरात न्यायच्या आधी काही दिवस वेगळं ठेवायचं, कीड निघते का पाहायचं, मगच आत घ्यायचं, ही तिथली पद्धत. तीच त्यांनी घरी कुकर-इस्त्रीला लावली होती. माझा नवरा हवाई दलातला. तो म्हणायचा, "ताईंच्या घरी सामान आधी ट्रान्झिट कॅम्पात उतरतं, पोस्टिंग नंतर होतं."

आमची ओळखही त्या दुकानातच झाली. नवरा बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या तळावरून निवृत्त झाला, आम्ही वृंदावन योजना नावाच्या लखनौच्या वसाहतीत घर घेतलं आणि पडदे आणायला मी नव्यानेच उघडलेल्या मॉलमधल्या मोठ्या दुकानात गेले. परतीच्या काउंटरवर खादी सिल्कची साडी नेसलेली, कपाळावर ठसठशीत टिकली लावलेली एक उंच बाई उभी होती. समोर मिश्राजी नावाचे गृहस्थ, स्वेटरवर दुकानाचा बिल्ला लावलेले, अतिशय अदबशीर आणि अतिशय दमलेले.

"मैडम, आप ये गीज़र वापस कर रही हैं."

"हाँ."

"और यही गीज़र ले रही हैं."

"हाँ."

"तो मैडम, इसमें दिक्कत क्या थी?"

"गीज़र में कोई दिक्कत नहीं है भैया, दाम में थी. वो आपने कल ठीक कर दी."

मला हसू आवरेना. मी शेजारी पुटपुटले, "कमाल आहे बाई!" ती उंच बाई गर्रकन वळली. "मराठी का? कुठल्या तुम्ही? पिशवी धरता का जरा, मी सही करून राहिली." त्या दिवसापासून पुढची दहा-अकरा वर्षं मी ती पिशवी धरून होते. ताईंना गाडी चालवता येत नव्हती, माझ्याजवळ स्कूटी होती. त्यांच्या परतीच्या प्रवासातली बरीच खोकी माझ्या पायांमध्ये बसून गेली आहेत.

मी काही त्यांच्या पंथातली नव्हते. एका मिक्सरसाठी दोन खेपा घालायच्या, पेट्रोल जाळायचं, रांगेत उभं राहायचं, हा व्यवहार मला कधीच पटला नाही. तसं मी सांगितलंही.

"पेट्रोल धरलं तर काय वाचलं, ताई?"

"वाचवायला कोण जाऊन राहिलं? मी तत्त्वासाठी जाते."

"कसलं तत्त्व? दुकानदाराला फसवायचं?"

फसवणे हा शब्द त्यांना झोंबला. त्या मला त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, स्टुलावर बसवलं आणि पोह्यांवर तर्री वाढता वाढता म्हणाल्या, "हे पाय सुनंदा. नियम त्यांनी लिहिला, मी वाचला. आता लिहिणारा शहाणा का वाचणारा, ते त्यांनी ठरवावं. दिवाळीच्या आधी भाव चढवतात, तेव्हा मला विचारायला घरी येतात का?"

"पण मिश्राजींना त्रास होतो त्याचं काय? त्यांचा मॅनेजर त्यांनाच बोलतो."

"मिश्राजींना मी रस्ता सांगितला आहे. मॅनेजरला म्हणावं, किंमत उतरली तर फरक देतो असं लिहा, नाहीतर देत नाही असं लिहा. काहीतरी एक लिहा. मी त्याच दिवसापासून यायची बंद."

त्यांच्या या वागण्याला एक कुंपण होतं आणि ते त्यांनी स्वतः घातलेलं होतं. वापरलेली वस्तू परत करायची नाही. एकदा उघडली, पाणी लागलं, हात लागला, की ती आपली, मग दुसऱ्या दिवशी फुकट वाटोत. आमच्या गल्लीतल्या शुक्लांच्या बायकोने, शुक्लाइनने, पुतण्याच्या लग्नात लेबल ब्लाउजमध्ये दडवून भारी शाल मिरवली आणि सोमवारी ती दुकानात परत केली. वर ताईंना कौतुकाने सांगितलं, "दीदी, ये तो आप ही से सीखा." ताईंचा चेहरा असा झाला, की शुक्लाइन चहा अर्धा टाकून उठली. "ती चोरी आहे," ताई मला नंतर म्हणाल्या, "आणि ती माझं नाव घेऊन करून राहिली. माझा व्यवहार उजेडातला आहे. मी काउंटरवर कारण सांगते." हे खरं होतं. 'पसंद नहीं आया' एवढं म्हटलं असतं तर मिश्राजींनी निमूट शिक्का मारला असता. ताई दर वेळी खरं कारण सांगत आणि अर्धा तास वाद घालत.

नियम दाखवा, ही त्यांची सवय फक्त दुकानापुरती नव्हती. आता जे सांगणार आहे ते त्यावाचून कळणार नाही.

लखनौत मराठी माणसं कमी नाहीत, पण विखुरलेली. कोणी संशोधन संस्थांत, कोणी विद्यापीठात, कोणी सैन्यात. बायका एकमेकींना भेटायच्या त्या गणपतीत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. ताईंचे यजमान त्या पन्नाशीत असतानाच गेले होते. त्यानंतरही ताई टिकली लावत, हिरव्या बांगड्या घालत. कोणी काही म्हणत नसे, कारण ताईंना काही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण हळदीकुंकवाची बोलावणी मात्र हळूहळू थांबली होती. मग एका वर्षी ताईंनीच जाहीर केलं, या संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी.

फोनवर एका बाईंनी आडून विचारलं, "ताई, म्हणजे... तुम्ही करणार?"

"हो. कुठे लिहिलं आहे करू नये म्हणून? पुस्तक घेऊन या, पान दाखवा. लिहिलं असेल तर वाचते."

पुस्तक कोणी आणलं नाही. बायका मात्र सगळ्या आल्या, काही उत्सुकतेने, काही ताईंच्या धाकाने. आणि ताईंनी मला स्कूटीवरून पाठवून इंदूमावशींना आणवलं.

इंदूमावशी वर्ध्याच्या. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना लखनौला आणलं, संस्थेच्या कॉलनीत. मुलगा दिवसभर प्रयोगशाळेत, सून मंजिरी विद्यापीठात, नात मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी. मावशी शांत, बारीक चणीच्या. मंजिरी सांगायची, "आईंना काही विचारा, 'मला काय करायचं आहे?' एवढंच म्हणतात." हळदीकुंकवाला त्या सात-आठ वर्षांत कुठे गेल्या नव्हत्या. त्या दिवशीही त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, कोणी बोललंच तर पटकन निघता यावं अशा बेताने. ताईंनी कुंकवाचा करंडा घेतला आणि सुरुवात तिथूनच केली. मावशींचा हात कपाळ झाकायला अर्धा वर आला होता. ताई म्हणाल्या, "हात खाली घ्या मावशी, मला दिसून नाही राहिलं." त्यांनी कुंकू लावलं. मग पुढच्या बाईंनी आपणहून कपाळ पुढे केलं आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

वाण म्हणून ताईंनी काचेच्या बरण्या आणल्या होत्या, स्टीलच्या झाकणाच्या, प्रत्येक आपापल्या पांढऱ्या खोक्यात. त्याच दुकानातून. तिळगुळाच्या जागी लखनौची रेवडी. त्या वर्षी ताईंनी पहिल्यांदाच दिवाणावरची खोकी चौदा दिवसांच्या आत हलवली होती, कारण संक्रांत काही दुकानाच्या नियमाने येत नाही.

आणि सव्वीस जानेवारीच्या सेलमध्ये त्याच बरण्या अर्ध्या किमतीला लागल्या.

सकाळीच ताईंचा फोन. "सुनंदा, स्कूटी काढ. बरण्या गोळा करायच्या आहेत."

मला आधी कळेचना. "कुठल्या बरण्या?"

"वाणाच्या. चौदा दिवस अजून व्हायचे आहेत. ज्यांनी उघडल्या नसतील त्यांच्याकडून खोकी आणायची, परत करायची, त्याच किमतीत दुप्पट घ्यायच्या. सगळ्यांना दोन-दोन मिळतील!"

"ताई, वाण परत मागायचं?"

"परत कुठे मागून राहिली मी? बदलून देऊन राहिली. एकाच्या जागी दोन."

त्यांना ते खरंच तसं दिसत होतं. बायका मला दारातच हसल्या. "ताईच त्या!" असं म्हणत दोघी-तिघींनी खोकी काढून दिली. एकीने तर विचारलं, "माझा जुना टोस्टर पण नेता का?" त्या हसत होत्या म्हणून मीही फार ताणलं नाही. खोकी घेऊन आम्ही संस्थेच्या कॉलनीत इंदूमावशींकडे पोचलो. ताई मागे बसल्या होत्या, मांडीवर खोकी, गळ्यात मफलर, थंडीने नाक लाल, अगदी खुशीत.

मंजिरी घरी नव्हती. नातीने दार उघडलं. "दादी, वो बरनी वाली आंटी आई हैं." मावशी बाहेर आल्या, आम्हाला बसवलं, स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. ताईंनी नेहमीच्या थाटात सांगायला सुरुवात केली, बरणीचं खोकं जरा द्या, परत करायचं आहे.

पुढचं 'दोन मिळतील' त्यांनी उच्चारायच्या आधीच मावशी उठल्या होत्या.

आतल्या खोलीत भिंतीला लावलेलं छोटं देवघर होतं, ते बाहेरून दिसत होतं. खोकं तिथे ठेवलं होतं, देवांच्या शेजारी, न उघडलेलं. त्याच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली होती. मावशींनी ते उचललं, तिथेच उभ्या राहिल्या आणि पदराच्या टोकाने ती बोटं पुसायला लागल्या.

"एवढं पुसून देते," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं कोणीतरी बोलेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई. तुम्ही आपलं चांगल्या मनाने केलं."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी गळ्यातला मफलर काढून हातात घेतला होता.

"कोणी काही बोललं नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "तसं नाही. सेल लागला आहे."

"असू द्या."

"खरंच सेल आहे हो. सव्वीस जानेवारीचा. किंमत अर्धी झाली, चौदा दिवसांत परत करता येते, बिलावर लिहिलं आहे. सुनंदा, सांग नं त्यांना."

मी सांगितलं. नीट, एकेक मुद्दा घेऊन सांगितलं. मावशी समजूतदारपणे मान हलवत राहिल्या आणि हात पुसतच राहिला. जितकं सांगावं तितकं ते आम्ही रस्त्यात रचून आणल्यासारखं वाटत होतं. एक दिलेलं वाण परत न्यायला दोन शिकलेल्या बाया कडाक्याच्या थंडीत येतात आणि दुकानाचा सेल कारण सांगतात, यावर कोणी का विश्वास ठेवावा? कुंकू पुठ्ठ्यात मुरलं होतं. निघत नव्हतं, पसरत होतं. "डाग राहील वाटतं," मावशी कसनुसं हसून म्हणाल्या. "चालेल का दुकानात?"

ताई उठल्या. त्यांनी मावशींच्या हातातून खोकं घेतलं. मला वाटलं, आता घेऊन निघणार. त्यांनी ते तिथेच टेबलावर ठेवलं, झाकण उघडायच्याही भानगडीत न पडता पुठ्ठा टरकन फाडला, बरणी बाहेर काढली. तिच्या काचेवर किमतीचं स्टिकर होतं. ताईंच्या घरातली कुठलीही चिकटवलेली चिठ्ठी चौदा दिवसांच्या आत निघाल्याचं मला आठवत नाही. त्यांनी ते नखाने खरवडायला घेतलं. अर्धं निघालं, अर्धं चिकटून बसलं, तर बरणी सरळ बेसिनपाशी नेऊन नळाखाली धरली, खळखळून धुतली, स्वतःच्या शालीने पुसली.

"बेटा, घर में तिल का कुछ है?" त्यांनी नातीला विचारलं.

"रेवड़ी है. आपने ही तो दी थी."

"ले आओ."

पुडा आला. ताईंनी रेवड्या बरणीत ओतल्या, एक काढून मावशींच्या हातावर ठेवली, एक स्वतः तोंडात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

"झालं," त्या म्हणाल्या. रेवडी चावत असल्यामुळे शब्द जरा जड येत होते. "आता हे दुकानवाला घेणार नाही आणि मी नेणार नाही. वापरलेली वस्तू मी परत करत नाही. सुनंदाला विचारा. गोड घ्या."

मावशींनी हातावरच्या रेवडीकडे पाहिलं, फाटलेल्या खोक्याकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे, खरंच सेल होता?"

"हो नं!"

"तुम्ही वाणाची बरणी सेलसाठी परत मागायला आलात?"

"हो."

मावशी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. नातही हसायला लागली, तिला काय कळलं होतं कोणास ठाऊक. "बाप्पा रे!" मावशी म्हणाल्या. "मी पंचाहत्तर वर्षांची झाले, असं ऐकलं नाही हो कधी. दिलेलं वाण कोणी परत मागतं का?"

"कुठे लिहिलं आहे..." ताईंच्या तोंडून सवयीने निघालं, आणि त्या तिथेच थांबल्या.

खाली स्कूटीजवळ आल्यावर त्यांनी मफलर गुंडाळला. मग म्हणाल्या, "बाकीची खोकी ज्यांची त्यांना देऊन ये."

"आणि सेल?"

"चालू दे सेल."

यावरून ताई बदलल्या असं कोणी समजू नये. पुढच्याच महिन्यात आम्ही एका रूम हीटरसाठी मिश्राजींपुढे उभ्या होतो. "आप आती हैं तो हम समझ जाते हैं, माल सस्ता हो गया," असं मिश्राजी म्हणाले आणि ताईंनी ती स्तुती समजून घेतली. नंतर एका वर्षी दुकानाने काउंटरवर पाटी लावली: किंमत कमी झाल्याच्या कारणावरून वस्तू परत घेतली जाणार नाही. मला वाटलं, आता युद्ध होणार. ताईंनी चष्मा लावून पाटी दोनदा वाचली, मिश्राजींना म्हणाल्या, "अब ठीक है. अब लिखा है," आणि हातातलं खोकं घेऊन शांतपणे घरी आल्या. त्यानंतर त्या कारणासाठी त्या पुन्हा गेल्या नाहीत. आपल्यामुळे एका एवढ्या मोठ्या दुकानाला नियम लिहावा लागला, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता.

एक मात्र झालं. त्या दिवसानंतर ताईंनी कोणाला काही दिलं, की ते आधी उघडलेलं असे. बारशाला वाटी-चमचा दिला तर त्यात साखर घातलेली. मंजिरीला नवीन कढई दिली तर तिच्यात एकदा फोडणी करून, धुऊन. किमतीची चिठ्ठी खरवडलेली. लोकांना ते विचित्र वाटे. शुक्लाइन तर म्हणालीच, "दीदी पुराना माल पकड़ा देती हैं." ताईंनी कधी खुलासा केला नाही, मीही नाही.

नागपूरला धाकट्या भावाकडे जायचं त्यांनी ठरवलं ते गुडघ्यांमुळे. घर विकलं. शेवटच्या आठवड्यात मी सामान बांधायला जात होते. दिवाणावर एकच खोकं उरलं होतं, मिक्सरचं, नवंकोरं. माझा मिक्सर त्या उन्हाळ्यात जळला होता आणि दिवाळीपर्यंत थांबू म्हणून मी खलबत्त्यावर भागवत होते. ते खोकं कोणासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांच्या दिवाणावरच्या खोक्यांविषयी विचारायचं नसतं, एवढं मला कळत होतं.

गाडीच्या दिवशी सकाळी मी पोचले तर दिवाण रिकामा होता. ताई स्वयंपाकघरात, भांडी सगळी बांधलेली, ओट्यावर फक्त तो मिक्सर. खोकं फाडून कोपऱ्यात टाकलेलं. त्यांनी भांड्याचं झाकण काढून माझ्या पुढे धरलं. आत शेंगदाण्याची चटणी होती, लाल, लसणाची, नागपूरकडची, डोळ्यांत पाणी आणणारी.

"याच आठवड्यात आणला. चौदा दिवस थांबायला वेळ नव्हता," त्या म्हणाल्या. "घे. वापरलेला आहे."